हजेरी

तासगावात झेरॉक्स काढली तेव्हा
टोनर जरा जास्तच पडलं,
चारही बायकांचे चेहरे काळेशार आले.
दुकानदार म्हणाला, परत काढू का?
मी म्हटलं राहू दे, एसटी चुकेल.

आठ मार्चला सातवीच्या भिंतीवर
त्या चौघी मी खळीनं चिकटवल्या.
एक, जी बसमधल्या जागेवरून उठली नाही.
एक, जी ध्रुवताऱ्याच्या अंदाजानं
रातोरात माणसं गुलामीतून काढत राहिली.
एक, जिला मत टाकलं म्हणून शंभर डॉलर दंड झाला
आणि तिनं तो कधी भरलाच नाही.
(वर्गात टाळ्या. दंड न भरणं पोरांना फार आवडलं.)

चौथीचं नाव जिभेवर बसेना.
डोलोरेस वेर्ता, मी दोनदा म्हटलं.
मागून शिवदत्त म्हणाला, डोलारेश्वर?
हसू दिलं. मग सांगितलं,
ही आधी मास्तरीण होती.
वर्गात उपाशी पोरं यायची, अनवाणी यायची,
तिला ते बघवेना, नोकरी सोडली
आणि शेतमजुरांत जाऊन बसली,
द्राक्षाच्या मळ्यातल्या.

द्राक्ष म्हटल्यावर वर्ग सरसावून बसला.
अमेरिका एकदम सावळजच्या अलीकडं आली.
"सोनाका लावत्यात का तिकडं, बाई?"
"बेदाणा करत्यात?"
"डिपिंग ऑइलनं त्यांच्या बी बोटांची सालं निघत्यात?"
मला माहीत असलेलं सगळं
या तीन प्रश्नांतच संपलं.

मग नदाफांची मुबीना उठली,
जी वर्षभर "हजर बाई" सोडून
वर्गात काही बोललेली नाही.
"तिकडं बायांस्नी हजरी किती?
आणि गड्यांस्नी किती?"

खडू हातात. फळ्यावर तारीख.
मी म्हटलं, बघून सांगते.

बघून काय सांगणार होते.
मुबीनाची आई आमच्याच बागेत येते.
दोन एकर, सासऱ्यांनी लावलेली, यंदा माल बरा.
बाईला साडेतीनशे, गड्याला पाचशे,
हा आकडा मी दर शनिवारी
माझ्याच अक्षरात वहीत लिहिते.
शाळेची हजेरी निळ्या शाईनं,
ही हिरव्या. एवढाच फरक.

रविवारी शेडवर गेले.
सोड्याच्या पाण्याचा वास, जाळीवर हिरवे घड,
रॅकच्या पलीकडं मोटरसायकलवर बसून
नवरा फोनवर दराचं बोलत होता.
चहाची किटली फिरली. बाया पाय पसरून बसल्या.
जैबुनभाभींनी बोटं पदराला पुसली,
एकेक, सावकाश, नखांच्या कडेनं.
मला वाटलं, आता विचारतील.
जीभ कोरडी. बशीतला चहा तसाच.

त्यांनी विचारलं वेगळंच.
"बाई, मुबी म्हणत हुती, त्या मास्तरणीचं...
फुडं काय झालं?"

पुढचं मला पाठ आहे.
पाच वर्षं संप. शहराशहरांतून लोकांनी
द्राक्षं घेणंच सोडलं.
शेवटी मळेवाले टेबलापाशी आले
आणि सह्या केल्या.
किती सोपी वाक्यं. सातवीच्या पोराला कळतील अशी.

मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला, मग बंद.
"मोठी गोष्ट आहे," मी म्हटलं,
"आधी चहा घ्या."

भाभींनी कप उपडा ठेवला.
"घेतला की. सांगा,
सुट्टी दोन वाजेस्तोवर हाय."